व्याख्यानानंतरचा प्रश्न : श्रोत्याचा अधिकार आणि वक्त्याची मर्यादा

महाराष्ट्रातील व्याख्यानमालांमध्ये व्याख्यान संपल्यानंतर आणि आभारप्रदर्शनापूर्वी श्रोत्यांच्या प्रश्नांसाठी जो थोडा वेळ राखला जातो, त्याकडे बहुधा कार्यक्रमपत्रिकेतील एक किरकोळ बाब म्हणून पाहिले जाते. वस्तुतः बोलणारा आणि ऐकणारा यांच्यातील अधिकाराचे नाते त्या थोड्या मिनिटांत जितके उघड होते, तितके त्याआधीच्या सबंध तासात होत नाही. मराठी वैचारिक लेखनात प्रश्न विचारणाऱ्या श्रोत्याला जुने स्थान आहे. दासबोधाचा आरंभ श्रोत्यांच्या पृच्छेने होतो, आणि जोतीराव फुले यांनी १८७३ साली प्रसिद्ध केलेला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ धोंडीबा आणि जोतीराव यांच्या संवादाच्या रूपात रचलेला आहे. ग्रंथातला प्रश्न ग्रंथकाराच्या स्वाधीन असतो, सभागृहातला प्रश्न मात्र वक्त्याच्या स्वाधीन नसतो, आणि वादाचे मूळ याच भेदात आहे.

सभागृहात येणाऱ्या प्रश्नांचे स्थूलमानाने तीन वर्ग करता येतात. पहिला वर्ग राजकीय प्रश्नांचा, म्हणजे सत्ता कोणाकडे असावी आणि कोणत्या पक्षाची वा नेत्याची बाजू रास्त आहे, यासंबंधीच्या प्रश्नांचा होय. दुसरा वर्ग धोरणविषयक प्रश्नांचा आहे. धोरण म्हणजे एखादे सार्वजनिक उद्दिष्ट, ते साधण्याचा मार्ग आणि त्यासाठी लागणारा पैसा यांविषयी शासनाने घेतलेला निर्णय, असे येथे गृहीत धरले आहे. तिसरा वर्ग वक्त्याच्या स्वतःच्या वाचनासंबंधी असतो : तो काय वाचतो, कोणत्या पुस्तकाने त्याचे मत घडले, नव्या वाचकाने कोठून सुरुवात करावी. या तिन्ही प्रकारच्या प्रश्नांना उत्तर देण्यास वक्ता बांधील आहे काय, याविषयी दोन परस्परविरोधी भूमिका संभवतात. त्या पुढील संवादात ‘संयोजक’ आणि ‘अभ्यासक’ या नावांनी मांडल्या आहेत. पहिला व्याख्यानमाला चालवणाऱ्यांच्या बाजूने बोलतो आणि दुसरा व्यासपीठावरून बोलणाऱ्या विद्वानांच्या बाजूने.

अभ्यासक : व्याख्यान हे तयारीचे फळ असते, वक्ता महिना-दोन महिने आधी विषय स्वीकारतो, आकडे पडताळतो, शंकास्पद विधाने गाळतो आणि मगच उभा राहतो. चिठ्ठीवर आलेल्या प्रश्नाचे उत्तर मात्र त्याला अर्ध्या मिनिटात द्यावे लागते, आणि श्रोते या दोहोंना सारखेच वजन देतात. नद्यांच्या पाणीवाटपाचा अभ्यास करणाऱ्याला निवडणुकीचा निकाल विचारला जातो, नाटककाराला शेतमालाच्या हमीभावाविषयी बोलायला लावले जाते, आणि एका विषयातील अधिकार दुसऱ्या विषयात विनासायास वापरला जातो. म्हणून विषयाबाहेरचा प्रश्न अध्यक्षांनी नम्रपणे बाजूला ठेवावा, हाच नियम रास्त ठरतो.

संयोजक : हा नियम वक्त्याच्या सोयीचा आहे, पण व्याख्यानमाला वक्त्यासाठी स्थापन झालेल्या नाहीत. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू झाली, तेव्हा या देशातील प्रजेला राज्यकर्त्यांना प्रश्न विचारण्याचा कोणताही वैधानिक हक्क नव्हता. कायदेमंडळातील सभासदांना शासनास प्रश्न विचारण्याची मुभा १८९२ च्या कायद्याने मिळाली, तीही उपप्रश्नाविना; मूळ प्रश्न विचारणाऱ्याला त्याच्या उत्तरावर पुन्हा प्रश्न करण्याचा, म्हणजे उपप्रश्नाचा, हक्क १९०९ च्या सुधारणांनंतरच प्राप्त झाला. ज्या समाजाला हा हक्क इतका उशिरा आणि असा तुकड्यातुकड्यांनी मिळाला, त्या समाजात सार्वजनिक व्यासपीठ ही प्रश्न विचारण्याची शाळा होती. आपला नियम मान्य केला, तर त्या शाळेत प्रश्नही गुरुजींनीच निवडायचे, असे होईल.

अभ्यासक : कायदेमंडळाचा दाखला आपल्या बाजूपेक्षा विरुद्ध बाजूलाच अधिक बळ देतो. लोकसभेत तोंडी उत्तरासाठी दिलेल्या तारांकित प्रश्नाची सूचना किमान पंधरा दिवस आधी द्यावी लागते. त्या अवधीत मंत्र्याचे खाते माहिती जमवते, टिपण तयार करते, आणि उपप्रश्न कोणत्या दिशेने येतील याचाही अंदाज बांधते. अतारांकित प्रश्नाला तर लेखी उत्तरच दिले जाते. राज्यसंस्थेने प्रश्नाचा हक्क मान्य केला तो पूर्वसूचनेच्या अटीसह. वक्त्याकडून मात्र पूर्वसूचनेशिवाय, सहायकांशिवाय आणि कागदपत्रांशिवाय उत्तराची अपेक्षा केली जाते.

येथे दोन्ही पक्षांना तपासून पाहता येईल असे एक उदाहरण आधुनिक महाराष्ट्राच्या इतिहासात आहे, आणि ते अभ्यासकानेच पुढे आणले. १८९७ साली गोपाळ कृष्ण गोखले हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी पुण्याच्या डेक्कन सभा या संस्थेच्या वतीने लंडनला गेले. या साक्षीच्या तयारीत अर्थशास्त्राचे व्यासंगी गणेश व्यंकटेश जोशी यांचे मोठे साहाय्य झाले होते, आणि आयोगाच्या सभासदांनी केलेल्या उलटतपासणीत, म्हणजे साक्षीदाराच्या विधानांच्या खोदून केलेल्या तपासणीत, गोखल्यांची बाजू टिकून राहिली. त्याच मुक्कामात पुण्यातील प्लेगबंदोबस्ताच्या काळात सैनिकांकडून झालेल्या कथित अत्याचारांविषयी त्यांनी इंग्लंडमध्ये विधान केले. त्याचा आधार पुण्याहून आलेली खाजगी पत्रे हा होता. त्या विधानावरून तेथे खळबळ उडाली, मायदेशी परतल्यावर पुरावा उभा करता येईना, पत्रलेखकांची नावे उघड करणे गोखल्यांनी नाकारले, आणि अखेर त्यांना जाहीर माफी मागावी लागली.

अभ्यासक : माणूस तोच, वर्ष तेच, शहर तेच; फरक तयारीचा. ज्या विषयावर महिनोन्महिने परिश्रम झाले होते तेथे कठोर प्रश्नांपुढेही उत्तर टिकले, आणि जेथे क्षोभाच्या भरात आलेल्या वार्तेवर विसंबून बोलावे लागले तेथे गोखल्यांसारख्या काटेकोर माणसालाही माघार घ्यावी लागली. सामान्य वक्त्याची कथा काय असेल, हे यावरून समजावे.

संयोजक : याच प्रसंगाचा दुसरा अर्थ अधिक सयुक्तिक वाटतो. आयोगापुढील साक्ष टिकली ती सावकाश तयार झाली होती एवढ्यामुळेच नव्हे. तिच्यातील प्रत्येक आकड्यामागे सरकारी अहवाल होता, आणि तो अहवाल प्रश्न विचारणाऱ्यालाही उघडून पाहता येत होता. प्लेगविषयीचे विधान कोसळले, कारण त्याचा आधार दुसऱ्या कोणाला दाखवण्याजोगा नव्हता. पत्रलेखकांना दिलेला शब्द पाळणे नैतिकदृष्ट्या योग्यच होते, परंतु त्या निष्ठेची किंमत विधानाला मोजावी लागली. सहा महिने विचार करून लिहिलेले निराधार विधानही इतकेच दुबळे असते. तेव्हा उत्तराची कसोटी ते देण्यास लागलेला वेळ ही नसून त्याचा आधार उघड आहे की नाही, ही आहे. आणि हे मान्य केले की ‘आपण काय वाचता’ हा तिसऱ्या वर्गातला प्रश्न, जो सर्वांत हलका मानला जातो, तोच सर्वांत महत्त्वाचा ठरतो.

अभ्यासक : येथे आपण दोन भिन्न गोष्टी एकत्र करीत आहात. विधानाचा आधार विचारणे निराळे आणि माणसाचे कपाट धुंडाळणे निराळे. वाचन ही पुष्कळ अंशी खाजगी क्रिया आहे. मनुष्य अर्धवट वाचतो, चुकीचे वाचतो, न पटणारेही वाचतो, आणि या स्वैरपणातच त्याच्या विचाराचे स्वातंत्र्य असते. सभेत विचारल्यावर हे सारे दडते आणि प्रतिष्ठेला शोभेल अशी नामावळी पुढे येते. शिवाय ज्या काळात एखाद्याच्या घरी कोणते पुस्तक आहे यावरून त्याचा पक्ष ठरवला जातो, त्या काळात हा प्रश्न निरुपद्रवी राहत नाही.

संयोजक : शहरातल्या सभागृहात बसून हा आक्षेप खरा वाटतो, पण तालुक्याच्या गावी पुष्कळदा सार्वजनिक वाचनालयच व्याख्यानमाला चालवते, आणि तेथे ‘काय वाचावे’ असे विचारणाऱ्याला वक्त्याच्या घरात डोकावायचे नसते. त्याला विषयात शिरण्याची वाट हवी असते. महाराष्ट्रात १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यानुसार मान्यता मिळालेल्या वाचनालयांना वर्गवारीप्रमाणे अनुदान मिळते; त्यातून कोणती पुस्तके घ्यावीत हे ठरवणाऱ्या स्थानिक मंडळाला अशा उत्तरांचा प्रत्यक्ष उपयोग होतो. आणि विचारवंतांनी आपले वाचन उघड करण्याची परंपराही तोकडी नाही. महात्मा गांधींनी १९०९ साली लिहिलेले ‘हिंद स्वराज’ हे वाचक आणि संपादक यांच्यातील प्रश्नोत्तररूप पुस्तक आहे, आणि त्याच्या परिशिष्टात टॉल्स्टॉय, रस्किन, थोरो, प्लेटो, दादाभाई नौरोजी, रमेशचंद्र दत्त आदींच्या वीस कृतींची यादी दिलेली आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९३६ साली लिहून प्रसिद्ध केलेल्या, पण प्रत्यक्ष न झालेल्या ‘जातिनिर्मूलन’ विषयक भाषणात आपले शिक्षक जॉन ड्युई यांचे ऋण नाव घेऊन मान्य केले.

अभ्यासक : ही दोन्ही उदाहरणे बारकाईने पाहावीत. गांधींच्या यादीत आधुनिक यंत्रसंस्कृतीची समर्थ बाजू मांडणारे पुस्तक शोधून सापडणार नाही. जवळजवळ सर्व कृती त्यांच्या निष्कर्षाला पोषक अशाच आहेत. त्या पुस्तकातला ‘वाचक’ अधीर आणि हट्टी असला तरी त्याचे प्रश्नही अखेर गांधींनीच लिहिलेले आहेत. म्हणजे यादी दिली एवढ्याने आधाराची परीक्षा होत नाही. ती समर्थकांची हजेरीही असू शकते. आणि आंबेडकरांच्या बाबतीत तर ऐकणाऱ्यांचा तर्क चुकण्याचा धोकाच दिसून येतो : त्यांच्या स्वातंत्र्य, समता आणि बंधुता या तत्त्वत्रयीचे मूळ फ्रेंच राज्यक्रांतीत आहे असे पुष्कळांनी धरले होते, आणि १९५४ साली आकाशवाणीवरील भाषणात त्यांना स्पष्ट सांगावे लागले की ती तत्त्वे त्यांनी बुद्धाच्या शिकवणुकीतून घेतली आहेत.

संयोजक : यातून प्रश्न अनावश्यक ठरत नाही, तो अधिक नेमका करावा लागतो, एवढेच सिद्ध होते. आंबेडकरांच्या विचाराचे मूळ कोठे आहे हे त्यांनी स्वतः सांगितले नसते, तर श्रोत्यांचा चुकीचा तर्कच इतिहास म्हणून रूढ झाला असता. गांधींविषयीचा आपला आक्षेप मात्र स्वीकारण्याजोगा आहे, आणि त्यातून अधिक चांगला प्रश्न तयार होतो : आपल्या मताच्या विरुद्ध बाजूचे सर्वांत समर्थ पुस्तक कोणते, ते आपण वाचले आहे काय, आणि त्याने आपल्या मतात कोणती दुरुस्ती झाली? या प्रश्नाला केवळ नामावळीने उत्तर देता येत नाही.

या टप्प्यावर दोन्ही भूमिकांतील अंतर वाचनाच्या प्रश्नापुरते कमी झाले; राजकीय आणि धोरणविषयक प्रश्नांच्या बाबतीत ते कायम राहिले. अभ्यासकाने तेथे तथ्य आणि मूल्य यांच्यातील भेदाचा आश्रय घेतला. तथ्यविषयक विधान म्हणजे जे निरीक्षणाने वा हिशेबाने खरे-खोटे ठरवता येते ते, आणि मूल्यविषयक विधान म्हणजे काय इष्ट आहे याविषयीचा निवाडा, जो पुराव्याने समर्थ होऊ शकतो, पण केवळ पुराव्याने ठरत नाही.

अभ्यासक : विद्वानाचा अधिकार तथ्यापुरता असतो, मूल्याच्या बाबतीत तो सभागृहातल्या शेवटच्या रांगेतील श्रोत्याइतकाच एक नागरिक असतो. राज्याच्या रोजगार हमी योजनेचे उदाहरण घ्यावे. १९७२ च्या दुष्काळाच्या काळात ती राज्यभर राबवली गेली, १९७७ साली तिचा कायदा झाला, आणि तिच्या खर्चासाठी १९७५ पासून नोकरदार आणि व्यावसायिक यांच्याकडून व्यवसाय कर घेतला जाऊ लागला. कामावर किती मजूर आले, मजुरी किती मिळाली, बांध आणि पाझर तलाव किती काळ टिकले, हे तथ्याचे प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरे अभ्यासकाने द्यावीत. शहरातील पगारदाराने खेड्यातील मजुराच्या कामाचा भार उचलणे न्याय्य आहे काय, हा मूल्याचा प्रश्न आहे, आणि तेथे त्याने विद्वत्तेचा अंगरखा उतरवूनच बोलावे.

संयोजक : विभागणी सुबक आहे, पण प्रत्यक्षात ती इतकी स्वच्छ राहत नाही. बेरोजगार कोणाला म्हणायचे, घरच्या शेतात बिनमोबदला राबणारी स्त्री त्यात धरायची की नाही, कामाची मागणी नोंदवली गेली नाही म्हणजे ती नव्हतीच असे मानायचे काय, या निवडींवर आकडा ठरतो, आणि या निवडी मूल्यांनी भारलेल्या असतात. श्रोता धोरणाविषयी प्रश्न विचारतो तेव्हा पुष्कळदा त्याचा रोख आकड्यावर नसतो, आकडा कसा मोजला यावर असतो. वक्त्याने ‘हे मूल्याचे आहे’ असे म्हणून तो प्रश्न टाळला, तर त्याच्या तथ्यांची तपासणीच थांबते. शिवाय राजकारणापासून अलिप्त राहणे हीही एक राजकीय कृती असू शकते. १९७५ च्या डिसेंबरात, आणीबाणीच्या काळात, कराडच्या मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून दुर्गा भागवत यांनी तुरुंगवासात प्रकृती बिघडलेल्या जयप्रकाश नारायण यांच्यासाठी सभेला प्रार्थनेचे आवाहन केले. स्वागताध्यक्ष होते केंद्रीय मंत्री यशवंतराव चव्हाण. आपल्या नियमाप्रमाणे ते आवाहन विषयाबाहेरचे ठरले असते.

अभ्यासक : ठरले नसते, कारण लेखनस्वातंत्र्यावर बंधने आलेली असताना त्याविषयी बोलणे हा लेखकाच्या विषयाचाच भाग होता. त्याहून महत्त्वाचे असे की दुर्गाबाईंनी आपली बाजू लपवली नाही आणि ती विद्वत्तेचा निष्कर्ष म्हणूनही मांडली नाही. एका नागरिकाची भूमिका म्हणून ती घेतली आणि पुढे कारावासाच्या रूपाने तिची किंमत मोजली. आक्षेप राजकीय उत्तराला नाही. तटस्थतेच्या आवरणाखाली दिलेल्या राजकीय उत्तराला आहे. ज्याचा एखाद्या पक्षाशी, शासकीय समितीशी वा लाभार्थी संस्थेशी संबंध आहे, त्याने तो आधी सांगावा आणि मग खुशाल राजकारणावर बोलावे.

संयोजक : तेवढी अट मान्य आहे, आणि तिच्यासोबत संयोजकांवरही एक अट घालणे न्यायाचे होईल. प्रश्न चिठ्ठीवर मागवले तर उभे राहून बोलण्यास संकोचणाऱ्या श्रोत्यांना, विशेषतः विद्यार्थी आणि स्त्रियांना, वाट मिळते. पण कोणती चिठ्ठी वाचायची आणि कोणती खिशात ठेवायची हे ठरवणारा माणूस अदृश्य राहतो. ध्वनिक्षेपक श्रोत्यांत फिरवला तर निवड उघड होते, पण प्रश्नाच्या नावाखाली दुसरे भाषण सुरू होते. म्हणून आलेल्या चिठ्ठ्यांपैकी न वाचलेल्या किती आणि त्या कोणत्या कारणाने वगळल्या, हे संयोजकांनी त्याच सभेत सांगावे.

अभ्यासक : आणि ज्या प्रश्नाला जागीच प्रामाणिक उत्तर देता येत नाही, तेथे ‘माहिती नाही’ असे म्हणण्याची वा लेखी उत्तर नंतर पाठवण्याची मुभा वक्त्याला असावी. व्याख्यानमाला अनेक दिवस चालत असल्याने ते उत्तर दुसऱ्या दिवशी सभेत वाचून दाखवता येईल. कायदेमंडळातील पूर्वसूचनेचे तत्त्व एवढ्या साध्या व्यवस्थेने सभागृहात आणता येते.

संयोजक : मग त्याच कायदेमंडळाचे दुसरे तत्त्वही आणावे लागेल, ते उपप्रश्नाचे. एका श्रोत्याला एक प्रश्न आणि लगेच दुसऱ्याची पाळी, ही पद्धत वेगवान असली तरी तिच्यात कोणतेही गुळमुळीत उत्तर खपून जाते. पाच श्रोत्यांना प्रत्येकी एक प्रश्न देण्याऐवजी तिघांना एकेका उपप्रश्नासह संधी दिली, तर उत्तराचा आधार उघड करण्यास वक्ता बांधला जातो. १८९२ आणि १९०९ यांच्यातील फरक नेमका हाच होता.

या संवादातून दोन्ही पक्षांचे पूर्ण ऐक्य झाले असे म्हणता येणार नाही. विषयाबाहेरचा प्रश्न रोखण्याचा अधिकार अध्यक्षांना असावा, हे मत अभ्यासकाने सोडले नाही. विषयाची सीमा प्रश्न विचारणाराच अनेकदा योग्य रीतीने ओळखतो, या मतावर संयोजक ठाम राहिला. तरीही तिन्ही वर्गांतील प्रश्नांना लागू पडणारी एक समान कसोटी दोघांच्या युक्तिवादांतून हाती लागते : चांगले उत्तर ते, जे ऐकणाऱ्याला पुढचा प्रश्न विचारण्याचे साधन देते. राजकीय उत्तरात ते साधन म्हणजे वक्त्याच्या संबंधांची आणि कलाची कबुली, धोरणविषयक उत्तरात आकड्याचा उगम, मोजणीची रीत आणि खर्चाचा भार कोणावर पडतो याचा उलगडा, आणि वाचनविषयक उत्तरात विरुद्ध बाजूच्या पुस्तकाचे नाव. हे साधन न देणारे उत्तर कितीही विद्वत्तापूर्ण वा मनोहर असले, तरी त्याने श्रोत्याला गप्प केलेले असते, त्याचे समाधान केलेले नसते.

या कसोटीला व्यवहारात एकच मोठा अडथळा आहे, आणि तो वैचारिक नाही. दीड तासाच्या सभेत दीपप्रज्वलन, स्वागत, पाहुण्यांचा परिचय, सत्कार आणि अध्यक्षीय समारोप यांत पाऊण तास खर्च झाला, व्याख्यानाने उरलेल्यापैकी बहुतेक वेळ घेतला आणि प्रश्नांसाठी ‘वेळेअभावी’ दोनच चिठ्ठ्या वाचल्या गेल्या, तर उपप्रश्नाचा हक्क आणि लेखी उत्तराची मुभा या दोन्ही गोष्टी कागदावरच राहतात. म्हणून प्रश्नांचा वेळ आधी ठरवावा आणि सत्काराचा वेळ त्यातून उरेल तेवढाच ठेवावा, या एका मुद्द्यावर तरी संयोजकाला आपल्याच मंडळींशी वाद घालावा लागेल, आणि त्या वादात अभ्यासक त्याच्या बाजूने उभा राहील.